डावा पाय खोटा, उजवा खरा

आता माझ्याच तोंडानं माझी फजिती सांगते, हसायचं तेवढं हसा. पर चहा गार करू नका!

धनी गेल्यापास्नं घरात मी एकटी. मेंढरं कवाच इकली. माझा लेक बाळू चाकणला कंपनीत. दिवाळीला येऊन गेला, शिमगा झाला तरी फिरकला न्हाई. दोन भाकरी थापायची, एक उरायची. वाढू कुणाला?

मग डोस्कं चाललं! मेंढीचा पाय मोडला की आमी बांबूच्या कामट्या लावून बांधायचो. तशाच माझ्या डाव्या पायाला आवळल्या, आन् शेजारच्या सुमनकडनं बाळूला फोन करवला, "आईचा पाय मोडला!"

दुपारपत्तुर जीप घिऊन हजर! शिक्रापूरच्या डॉक्टरकडं निघालो. एका हातानं गाडी हाकतोय, दुसऱ्यानं माझा हात धरलाय. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

डॉक्टरनं फोटो काढला. "आजी, कामट्या झकास बांधल्यात. पण हाड शाबूत आहे!"

बाळूनं माझ्याकडं असं बघितलं म्हणता!

मी म्हनले, "हाडच तसलं हाय. चाळीस वर्सं डोईवर दोन-दोन हंडे वाह्यलेत!"

डॉक्टर म्हणाले, "ओझं हळूहळू चढतं, म्हणून हाड सोसतं. एकदम दणका बसला तर त्याला वाकायला सवड मिळत नाही. तडकतं. जपा."

ह्ये मला शिकवतो व्हय! बाभळीची ओली फांदी हळू वढली की वाकती, हिसडा दिला की मोडती. मेंढरांना पाला पाडण्यात जल्म गेला माझा. एकटेपण बी असंच हळूहळू चढलं, म्हणून तर सोसलं.

माघारी येताना बाळूचे दोन्ही हात स्टेरिंगवरच. दारात जीप थांबली.

"च्या घिऊन जा रं."

"नको. रजा फुकट गेली माझी. थांब, उतरवतो."

"काय गरज न्हाई! धडधाकट हाय मी!"

आन् मारली की उडी! कडाक!

"आई गंऽऽ! मोडला!"

"पुरं कर आता!"

"बाळू, खरंच रं!"

"व्हय, व्हय. बांध कामट्या!" गाडी सुरू केली, निघाला. पारापत्तुर गेला, आरशात बघतो तर म्हातारी उठंना. तवा माघारी पळत आला.

डॉक्टर म्हणाले, "आजी, आता उजवा?"

बाळू दोन दिस राह्यला. प्लास्टर मातुर दीड महिना मला सोडून कुठं गेलं न्हाई!