बोक्याचा श्रावण

मांजर पाळायला काही लागत नाही, असं मला ऑफिसातल्या एका जाणकाराने सांगितलं होतं. एक वाटी, एक कोपरा, बस्स. त्याच्याकडे मांजर नव्हतं.

पनवेलच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आज बोक्याच्या नावावर जेवढं सामान आहे, तेवढं माझ्या नावावर नाही. वाळूचा ट्रे, वाळू चाळायची जाळीची पळी, नखं कापायची कात्री, केसांचा ब्रश, गॅलरीला आणि सगळ्या खिडक्यांना जाळ्या. नखं घासायला सुतळी गुंडाळलेला एक खांबही आहे. त्या खांबाला बोक्याने आजतागायत पाय लावलेला नाही. तो नखं सोफ्याला घासतो आणि मग खांबाच्या सावलीत झोपतो. त्याला डॉक्टरकडे न्यायची दाराची पेटी आणली होती, ती जागा अडवते म्हणून मी माळ्यावर टाकली. या पेटीबद्दल पुढे सांगतो.

माझं काम न्हावा शेवा बंदरातल्या मालाचे कागद करण्याचं. माल मी क्वचित बघतो, कागद रोज बघतो. त्यामुळे बोका घरात आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे त्याचा कागद केला आणि फ्रिजवर चिकटवला. लस कधी, जंताचं औषध कधी, वाळू कधी बदलायची, नखं कधी कापायची, सगळं रकान्यांत.

“आता हे त्याला वाचून दाखव,” बायको म्हणाली.

बोका आणला आईने. बाबा गेल्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मी आणि बायको सकाळी आठला बाहेर पडतो ते सातला उगवतो, तोवर आई घरात एकटी. एकदा संध्याकाळी आलो तर तिच्या पदराखाली काहीतरी हलत होतं. खाली पार्किंगमध्ये सापडलं, दोन दिवस राहील, असं ती म्हणाली. दोन दिवसांनी तो तिच्या पलंगावर, तिच्या उशीवर झोपत होता आणि ती उशीशिवाय. दुपारभर ती त्याच्याशी बोलते. आमच्या नात्यातल्या सगळ्या भानगडी त्याला मुखोद्गत असणार. काही तर मलाही माहीत नाहीत.

सकाळी उकडलेला मासा, ज्यात उकडला त्या पाण्यासकट, हे त्याचं जेवण. मीठ नाही, हळद नाही, काटे काढून. ते आई बघायची. वाळू माझ्याकडे होती. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग श्रावण आला.

श्रावण आमच्याकडे बाबांचा होता. आदल्या दिवशी गटारीला पोटभर मासे खायचे, मग माशांची भांडी घासून, फडक्यात बांधून वर ठेवायची, ती महिनाभर खाली काढायची नाहीत. बाबा त्या महिन्यात मासळी बाजाराच्या रस्त्यानेही जात नसत, लांबचा वळसा घेत. ते गेल्यावर हा नेम पुढे चालवायला मी होतो. खरं सांगायचं तर दुसऱ्या आठवड्यात मला बोंबील दिसायला लागतात, सुके, ओले, दोन्ही. पण बाबांच्या मागे घरातलं एवढं तरी तसंच राहावं, आईला बरं वाटावं, म्हणून मी दात आवळून पाळायचो. नुसता पाळायचो नाही, राखणही करायचो. मागच्या वर्षी शेजाऱ्यांकडून आलेला केकही अंडं असेल म्हणून मी दारातूनच परत पाठवला होता.

“याचं काय करायचं?” गटारीच्या दुपारी बायकोने बोक्याकडे बोट दाखवून विचारलं. बोका तेव्हा बांगडा संपवून मिशा साफ करत होता.

मी विचार करून ठेवला होता. दुकानात मांजरांचं कोरडं खाणं मिळतं, बारीक गोळ्या. ते मी मोठं पाकीट आणलं.

“त्यात मासाच असतो,” बायको म्हणाली. तिचं माहेर उरणचं आहे, माशाच्या बाबतीत तिला फसवणं कठीण.

“माशाची पावडर असते,” मी म्हणालो. “शिजवायचं नाही. चुलीला लागत नाही. भांडं लागत नाही. चालतं.”

पाकिटावर मोठा मासा छापला होता. ते मी गॅलरीत, मासा भिंतीकडे करून ठेवलं. आई सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिला माझा तोडगा पटला.

बोक्याने पहिल्या दिवशी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी खाल्लं. पाण्याचा वाडगा त्याच्या वाटीला लागूनच ठेवला होता, भरलेला. तो भरलेलाच राहायचा. आई एकदा म्हणाली, “पाणी कमी पितो रे हा.” मी म्हणालो, तहान लागली की पिईल.

त्याच सुमारास मी वाळूचा ब्रँड बदलला होता. ही नवी वाळू ओली झाली की तिचा घट्ट गोळा होतो, तेवढाच पळीने उचलायचा. आधी लिंबाएवढे गोळे निघायचे. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात सुपारीएवढे निघू लागले, मग एखाददुसराच. मी बेहद्द खूष. ही वाळू किती कमी लागते, हे मी ऑफिसात दोघांना सांगितलं. आपल्या हातात काय आहे आणि ते आपल्याला काय सांगतंय, हे कळायला जी अक्कल लागते, ती माझ्याजवळ नव्हती. कागदावर गोळ्यांचा रकानाच नव्हता.

रविवारी सकाळी बोका ट्रेमध्ये जाऊन बसला. उठला, पुन्हा बसला. मग बाथरूमच्या फरशीवर जाऊन बसला. मग सोफ्याजवळ बसला आणि ओरडला. तसा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

“याला होत नाहीये,” आई म्हणाली.

“पोट साफ नसेल,” मी म्हणालो आणि चमचाभर तूप घेऊन त्याच्या मागे लागलो. बायको माहेरी गेली होती, नाहीतर तिने मला तेव्हाच बोक्यासकट दवाखान्यात पिटाळलं असतं. सकाळचे तीन तास मी त्या चमच्यात घालवले. बाराच्या सुमाराला तो ओकला आणि आईच्या पलंगाखाली जाऊन पडला. हाक मारली तरी कान हलवेना.

आता ती पेटी. माळ्यावरून काढली, तिच्यावर धूळ आणि आत दिवाळीचा कंदील. लहानपणी लसीला आईच्या पदरातूनच गेलेल्या ज्या बोक्याने ती पेटी कधी पाहिलेलीच नाही, तो दुखत असताना तिच्यात शिरेल, अशी माझी अपेक्षा होती. माझे दोन्ही हात सोलून निघाले. शेवटी आईने मला बाजूला केलं, तिचं जुनं लुगडं घेतलं, पलंगाखाली आडवी होऊन त्याच्याशी काहीतरी बोलली आणि त्याला गुंडाळून बाहेर काढलं. ज्या कोणाकडे मांजर आहे त्याने ही पेटी हॉलमध्ये, दार उघडं ठेवून, आत जुना कपडा घालून बारा महिने ठेवावी. घर छोटं दिसतं, दिसू द्यावं.

रविवारी उघडा दवाखाना रोडपालीला होता. कळंबोलीला रिक्षा कंटेनरच्या रांगेमागे अडकली. पुढे कंटेनर, बाजूला कंटेनर. त्यातल्या एखाद्याचे कागद मीच केलेले असणार, वेळेत सुटावा म्हणून चार फोनही केले असणार. रिक्षात आईच्या मांडीवर लुगड्याचं गाठोडं होतं आणि ते आता ओरडतही नव्हतं. मला भीती वाटली. इतकी की मी देवाचं नाव घ्यायलाही विसरलो, श्रावणात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“शेवटची लघवी कधी केली?”

मला त्याच्या वाळूचा ब्रँड माहीत होता, पुढच्या लसीची तारीख पाठ होती. हे माहीत नव्हतं.

“खायला काय देता?”

“कोरडं.”

“फक्त कोरडं? आधीपासून?”

“आधी मासा. आता श्रावण आहे.”

त्या लिहायच्या थांबल्या. मग अगदी शांतपणे त्यांनी सांगितलं की बोक्यांचा लघवीचा मार्ग फार अरुंद असतो, पोटात पाणी कमी गेलं की कुणाकुणाच्या लघवीत खडे धरतात आणि मार्ग बंद होतो. मांजर वाडग्यातून फारसं पाणी पीत नाही, खाण्यातून घेतं, आणि खाण्याशेजारी ठेवलेलं पाणी तर बरीच मांजरं टाळतात. आता भूल देऊन नळी घालावी लागेल, जगेल असं आत्ता सांगता येणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर आणायची गरज पडली नसती, असंही त्या म्हणाल्या. मी सही केली. रोज शंभर सह्या करतो, पण ही सही मला नीट जमली नाही.

बाहेर बाकावर आई रिकामं लुगडं घडी करत बसली होती. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

“हा गेला तर मी दुपारी बोलू कोणाशी?” ती म्हणाली.

तिने असं कधी काही म्हटलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही. मी चूक कबूल केली. म्हणालो, मीच कोरड्यावर ठेवलं त्याला.

“मला कळत होतं,” ती म्हणाली. “रोज वाटायचं, एक मांदेली उकडून घालावी. पण तुझा श्रावण. तू एवढा कडक पाळतोस, बाबांच्या माघारी. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले.”

“माझा?” मी म्हणालो. “मी तुझ्यासाठी पाळतो.”

आईची घडी अर्धीच राहिली.

“मी तुझ्यासाठी,” ती म्हणाली.

मग आम्ही दोघं समोरच्या भिंतीवरचं कुत्र्यांच्या जातींचं चित्र बघत बसलो. चार श्रावण झाले होते. मला हसू यायला हवं होतं, पण आत बोका होता आणि मला रडू आलं. आईने लुगड्याचं टोक पुढे केलं. त्याला मांजराचे केस चिकटले होते.

बोका वाचला. तीन दिवस दवाखान्यात राहिला, चौथ्या दिवशी गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून घरी आला. बरोबर डब्यातलं ओलं औषधी खाणं दिलं होतं. त्याला त्याने तोंड लावलं नाही. फोन केला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात पाणी जाणं आधी महत्त्वाचं, थोडा मासा बिनमिठाचा उकडा आणि त्या पाण्यात हे खाणं कालवून द्या, मग मासा हळूहळू कमी करा. पाण्याचे वाडगे घरात चार ठिकाणी ठेवा, खाण्यापासून लांब.

श्रावणाचे दहा-बारा दिवस उरले होते. आता तो नेम कोणासाठीच नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण मोडूया असं दोघांपैकी कोणी म्हणेना. इतकी वर्षं दुसऱ्यासाठी पाळल्यावर तो आपल्यासाठी मोडायचा म्हणजे तोंडाने बोलावं लागतं, आणि आमच्या घरात ती सवय नाही. आईने फक्त माळ्याकडे बघितलं. मी स्टूल घेऊन चढलो आणि भांड्यांचं गाठोडं खाली काढलं.

बाजारात गर्दी नव्हती. कोळणीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“सरावनात कोनासाठी नेताव, साहेब?”

“मांजरासाठी,” मी म्हणालो. “आजारी आहे.”

“हा,” ती बांगडा पिशवीत टाकत म्हणाली. “सरावनात सगली लोका मांजरालाच नेतान.”

मी पिशवी घेऊन सरळ रस्त्याने घरी आलो.

आईने मासा उकडला. बायको नुकतीच ऑफिसातून आली होती, ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली, वास घेतला आणि पंखा लावायला गेली. आई ओट्याशी उभी राहून मासा कुस्करत होती, काटे ताटलीच्या कडेला लावत होती. बोका तिच्या पायाशी बसून नरसाळ्यातून वर बघत होता. मी पाण्याचे वाडगे भरत होतो. आईने एक तुकडा बोटात धरला, उजेडाकडे केला, माझ्याकडे पाठ फिरवली आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. मग दुसरा.

वळली तेव्हा मी बघतोय हे तिला दिसलं.

“काटा राहिला की काय, बघत होते,” ती म्हणाली.

“राहिला होता?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी मी दुप्पट मासे आणले. आईला नीट बघता यावं म्हणून.