तपकिरीची डबी

अण्णा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी पापनाशमला एका दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसलो होतो. सख्खा मोठा भाऊ तंजावरात दातांचा डॉक्टर असताना मी बस धरून तिकडे का जायचो, हे सांगायची आता लाज वाटते... पण सांगतो. माझा त्याच्यावर संशय होता.

अण्णाला जिवंतांपेक्षा मेलेल्यांचे दात अधिक प्रिय. आसपासच्या गावांत दफनाचे जुने रांजण सापडले की उत्खनन करणारी मंडळी त्यांतले दात त्याच्याकडे आणत. तो भिंग लावून तासन्‌तास बसे. "इजिप्तांत राजांच्या ममी राहिल्या, इथं गरिबांचे दात," म्हणे. मी धाकटा, म्हणून तमिळ रीतीने मला तो 'तंबी' म्हणे. "ही आडवी रेघ पाहा, तंबी. हें पोर लहानपणीं फार आजारी पडलं, आणि वांचलं." कोण कुठलं पोर, पण अण्णा तो दात हलकेच कापसात ठेवी. मी मात्र त्याच्या कुप्या न्याहाळत असे. प्रत्येकीवर चिठ्ठी : गाव, रांजण, रोग.

पुढे अप्पा गेले. तिरुवैयारूला कावेरीकाठी वडिलांच्या अस्थी वेचताना अण्णाने राखेतून काहीतरी उचलून खिशात टाकलं. जन्मभर सरकारी कचेरीत लोकांचे दस्त तपासलेला माणूस मी, मला ते दिसलंच. बापाचाही यानं नमुना केला! घरी येताच विचारलं.

"जळलेला दात रोगाचं काहीं सांगत नाही रे. अभ्यासाला त्याचा काय उपयोग?" एवढंच तो बोलला. घेतला नाही, असं काही म्हणाला नाही. त्यानंतर मी त्याला माझा एकही दात दाखवला नाही.

त्याच्या तेराव्यानंतर वहिनींनी कपाटाची किल्ली दिली. आवरायला म्हणून दिली, मी झडतीच घेतली. ओळीने कुप्या, ओळीने चिठ्ठ्या... आणि अगदी मागे अप्पांची तपकिरीची डबी. आत एक काळपट दाढ. चिठ्ठी नाही. डबी उलटी करून पाहिली, बुडाशीही आकडा नाही. त्याने नुसते अप्पा जवळ ठेवले होते. मी तिथेच बसून रडलो.

एक कबुली राहिली. अण्णाच्या अस्थी वेचताना माझाही हात राखेत थबकला होता. का, ते तेव्हा मलाच कळलं नाही. शेजारी त्याची मुलगी होती; मी काका, म्हणून ती मला 'चित्तप्पा' म्हणते. "चित्तप्पा, काय घेतलंत?" तिने विचारलं.

"काहीं नाही गं."

अण्णाची ती दाढ आता अप्पांच्या दाढेशेजारी आहे. डबी माझ्या उशाशी असते. पुतणी भेटायला येते, आधी डबीकडे पाहते, मग माझ्याकडे. मी अजून तिला सांगितलेलं नाही.