मशीन निवू द्या

तिसगावात कानिफनाथला कुणी हाक मारून थांबवत नाही, सरळ खांद्याला हात लावतात. एकोणीस वर्षं पेट्रोलच्या मशीननं झाडं तोडून त्याचे कान मंद झालेत. त्याच्या शेजारी राहणाऱ्या मला हे ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं जे ऐकलं त्यावर माझा विश्वास बसला.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यानं डोंगराच्या पायथ्याची दोन एकर नीलगिरी तोडायला घेतली. मालक नगरला राहणारे एक वकील. रानात कानिफनाथ एकटाच. पलीकडच्या बांधाला लंकाबाई नावाच्या म्हातारीची वस्ती, तेवढंच काय ते माणूस.

सकाळी मशीन दोरीच्या एका ओढीत सुरू व्हायचं. अकरानंतर मात्र पेट्रोल भरायला बंद केलं की पुन्हा लागायचं नाव नाही. अशा उन्हात बंद मशीनची धग कार्बोरेटरला चढते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. माणूस घाईला येतो, चोक लावून दोरी ओढत बसतो, मग वर प्लगही भिजतो. कानिफनाथ ओढत बसायचा नाही. मशीन सावलीला ठेवून त्यावर ओलं फडकं टाकायचा आणि अर्धा तास गप बसायचा.

दुसऱ्या दिवशी असाच बसला असताना त्याला दोरी ओढल्याचा आवाज आला. खर्र. खर्र. सहा-सात ओढी, मग दम खाल्ल्यासारखी शांतता, पुन्हा सहा-सात. पलीकडे दुसरा कुणी कामाला लागला असेल म्हणून तो बघायला गेला. कुणी नव्हतं. वारा नव्हता, एक पाखरू नव्हतं. आणि आवाज आता तो जिथून उठून आला होता तिथून येत होता.

तिसऱ्या दिवशी आवाज आणखी जवळ आला. ओढ दरवेळी कमजोर होत होती, मधला श्वास मोठा होत होता. शेवटची ओढ अर्ध्यातच थांबली. कानिफनाथ मशीन तिथंच टाकून लंकाबाईच्या वस्तीवर गेला.

"मावशी, या रानात दुसरं कुनी मशीन चालवतंय का?"

लंकाबाईनं आधी तांब्या भरून दिला. "तुमालाबी ऐकू आलं व्हय?"

"कोन हाय?"

"मागल्या उन्हाळ्यात अमृत म्हनून एक गडी आल्ता, बीडकडचा. मशीन लागंना, तर भर उन्हात दोरी वढत उभा. मी म्हनलं, बाबा, पानी पे, सावलीला बस. म्हनला, आता लागंल. दुपार कलल्यावर गेले तर मशीनवर पालथा. मुठीतली दोरी सुटता सुटंना."

"मालकानं मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर आला असता का तुमी?"

कानिफनाथ घरी आला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. का गेला, ते त्याला आजही नीट सांगता येत नाही.

बाराला मशीन बंद केलं, फडकं टाकलं. आवाज सुरू झाला. तो उठला आणि बरोबरच्या गड्याशी बोलावं तसं बोलला, "अमृतभाऊ, वढू नका. वाफ धरलीय त्यानं. चोक काढा, सावलीला ठेवा, निवू द्या मशीन. या, बसा जरा."

ओढ मध्येच थांबली. वाळलेली पानं चुरचुरत जवळ आली. त्याच्या डाव्या हाताला एका जागची पानं दबली, कुणी टेकल्यासारखी. कानिफनाथनं तिकडं पाहिलं नाही. पाण्याची बाटली फक्त त्या अंगाला सरकवली. उन्हात अंग भाजत होतं, पण डावा दंड गार पडला होता. अर्ध्या तासानं दोरी ओढली, मशीन एका ओढीत लागलं.

पुढचे नऊ दिवस हेच चाललं. आवाज आला की तो बोलवायचा, मग दोघं बसायचे. रान मोकळं होत गेलं तशी सावली आटत गेली. शेवटच्या दिवशी शेजारशेजारची तीनच झाडं राहिली. त्यानं मशीन लावलं, पहिल्या खोडाजवळ नेलं आणि तसंच बंद करून गोणीत भरलं.

"ती का ठेवली?" वकिलांनी फोनवर विचारलं.

"पोकळ हायेत," कानिफनाथ म्हणाला.

तेव्हापासून तिकडून आवाज येत नाही, असं लंकाबाई सांगते. तिच्या शेळ्या मात्र दुपारी त्या सावलीत शिरत नाहीत. कडेला उन्हात धापा टाकत उभ्या राहतात आणि बुंध्याकडं बघत राहतात.