दोन उचल, तीन सोड

सत्तरच्या दशकात पुण्याहून फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकून आलेले सोलापुरात आम्ही चौघे होतो, आणि चौघांनाही त्याचा भारी तोरा होता. मी त्यातली एकटी बाई. नोकरीला मी चादरींच्या कारखान्यात होते. तिथे नक्षीसाठी पुठ्ठ्यांना भोकं पाडत. भोक असेल तिथला धागा माग उचलतो, नसेल तिथला सोडतो. ही नक्षी लिहून ठेवायला आम्ही एक छोटी भाषा घडवणार होतो. घाईही होती. नक्षीच्या मास्तरांची नजर अधू झाली होती. दिवाळीनंतर ते घरी बसणार होते आणि त्यांची जुनी नक्षी त्यांना तोंडपाठ होती, कागदावर कुठेच नव्हती.

दर रविवारी आम्ही जमायचो. ‘सहा वेळा कर’ यातला ‘सहा’ आधी लिहायचा की शेवटी? ‘अमक्या ओळीवर जा’ हा हुकूम ठेवायचा की नाही? या रविवारी मिटलेला वाद पुढच्या रविवारी चहाबरोबर पुन्हा यायचा. एकजण तर ओळीच्या शेवटी पूर्णविराम हवाच म्हणून रुसला आणि दोन रविवार फिरकला नाही. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. दसरा उलटला तरी नक्षीची एक ओळ लिहून झाली नव्हती. माझं डोकं फिरलं. “भांडा तुम्ही,” म्हटलं आणि उठून आले.

सोमवारी वही घेऊन मास्तरांकडे गेले. ते नक्षी म्हणत होते आणि समोरचा कारागीर पुठ्ठ्यावर भोकं ठोकत होता. “दोन उचल, तीन सोड, हेच सहादा.” घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण हुकूम मराठीत. मला आमची लाज वाटली. आम्ही जी भाषा घडवायला बसलो होतो, ती इथे कित्येक वर्षं रोज बोलली जात होती. मी ते म्हणतील तसंच उतरवत गेले. ‘सहा’ शेवटी आला, कारण मास्तर तो शेवटी म्हणत.

दिवाळीच्या आठवड्यात मोराची चादर लिहून झाली. मास्तरांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी वाचून दाखवायला बसले. मधेच त्यांनी हात वर केला.

“थांबा बाई. तितं तीन न्हाय, चार सोडायचं हाय. मोराची मान मोडंल की.”

चूक माझीच होती. मी खोडून दुरुस्त केली. मास्तरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “पुढलं वाचा.”