मनिऑर्डर घेणारा हेर

माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमले नाही; शाळा चौथीत सुटली. कुणी वाचलेच तर माफ करावे. पण याच अक्षराचा मला एकदा उपयोग झाला, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही ठाण्याला कोपरीत राहत होतो. धाकट्या दिरांना नाशकातल्या नोकरीसाठी अनामत भरायची होती. माझ्या पाटल्या कल्याणच्या सोनाराकडे गहाण ठेवून मी त्यांना एकशे ऐंशी रुपये दिले. वर्षाने ते सुट्टीवर आले नि म्हणाले, "पैसे तर मी गणपतीआधीच मनिऑर्डरने पाठवले. मिळाले नाहीत? मग कुणीतरी वहिनींच्या नावाने सही ठोकून लाटले."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "माहेरी तर नाही ना गेले?"

त्या दिवसापासून मी घडी घातलेली लुगडी त्या पुन्हा उलगडून बघत. हे पाहून न पाहिल्यासारखे करत, तेच जास्त लागे.

त्याच आठवड्यात दिरांनी आम्हा दोघांना हेरगिरीचा सिनेमा दाखवला. त्यात हेर खोटी मिशी लावून दुसऱ्याच्या नावावरची दहा हजारांची मनिऑर्डर दारातच घेतो. पोस्टमन सलाम ठोकून जातो.

पोस्टमन दाराशी येण्याआधीच दीर वाकून म्हणाले होते, "आता बघा वहिनी! अस्संच झालं असणार."

मला काही ते पटेना. दहा हजार रुपये पिशवीत घालून पोस्टमन उन्हात फिरतो? नोटा मोजतही नाही? माझ्या भावाची भाऊबीजेची पाच रुपयांची मनिऑर्डर आली की आमचा पोस्टमन कुरकुरतो, "बाई, दर वेळी सही वेगळी कशी?" मग खालच्या वाण्याला साक्षीला बोलावतो. आणि दिरांना हा सिनेमा आधीच पाठ कसा?

परतताना मी खाली बघतच विचारले, "भावोजी, मला माझेच पाच रुपये साक्षीदाराशिवाय मिळत नाहीत. माझे पैसे लाटणाऱ्याला साक्षीला कोण होतं?"

"ते मला काय माहीत?"

"पाठवल्याची पावती असेल ना? घेणाऱ्याच्या सहीची पोच?"

हे चालता चालता थांबले. "अरे, दाखव की पावती."

"नाशकाला राहिली, दादा."

"मग उद्या मीच येतो तुझ्याबरोबर."

दीर चपलेचा अंगठा चाचपत राहिले. "पाठवणारच होतो," ते हळूच म्हणाले.

साठ रुपये महिन्याने हातात दिले, साठ दिवाळीला. शेवटचे साठ खरोखरच मनिऑर्डरने आले. पोस्टमनने वाण्याला हाक मारली. मी सही केली, तीही वेगळीच आली. नोटा सासूबाईंसमोर दोनदा मोजल्या. एकशे ऐंशी पुरे झाले.