आगाऊ आभाराचा फ्लेक्स

नातोने तो फ्लेक्स कुंपणावर चढवायला लावला तो फक्त रंग बघायला, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर माणूस वेडा होता असं वाटेल. वेडा नव्हता, उतावळा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. आमच्या नातोने ते भर रस्त्यात टांगलं.

आमच्या समुद्रकाठच्या मालाबोन गावात लोकांचा जीव फ्लेक्सवर. पोरगं पदवीधर झालं, फ्लेक्स. चर्चची जत्रा, फ्लेक्स. नगरसेवकाने गटार उपसलं, तर गटारापेक्षा लांब फ्लेक्स. त्या महिन्यात जत्रा, पदव्या आणि निवडणूक अशी तिन्ही एकदम आली होती, आणि सेसिंग छापखानेवाला आज सांगितलेलं काम पुढच्या आठवड्यात देईन म्हणायचा. म्हणून नातोने आधीच सांगून ठेवलं. सेसिंगने मात्र या वेळी शब्दाआधीच काम दिलं, आणि तिथेच घात झाला.

फ्लेक्सवर आर्विन बेर्मासचा चेहरा, दाराएवढा. खाली ठसठशीत अक्षरं: ‘आर्विन, मनापासून आभार! तू कायम आमचाच. तुझं त्रेस बांगका कुटुंब.’

‘‘चेहरा पिवळा आलाय का रे?’’ नातोने विचारलं.

‘‘आत अंधार आहे. बाहेर उजेडात बघ,’’ सेसिंग म्हणाला, आणि दोघांनी मिळून तो समोरच्या कुंपणावर ताणून बांधला. नातोने मागे सरून बघितला, पुढे जाऊन बघितला. मग शेजारच्या टपरीवरून आल्याच्या पेजेचा वास आला. पेज पिऊन आल्यावर डोळे ताजे होतील, मग रंग नीट कळेल, असा त्याने विचार केला.

तेवढ्यात समुद्राला उधाण आलं आणि नेहमीसारखं रस्त्यावर घोट्यापर्यंत पाणी चढलं. प्रवाशांनी भरलेल्या जीपनींची रांग बरोबर त्या कुंपणासमोर अडकली. अडकलेला माणूस काय करतो? फोन काढतो. नातोची वाटी संपायच्या आत टपरीवालीनेच त्याच्या तोंडासमोर फोन धरला. ‘‘अगं बाई, तुमचा आर्विन चालला की रे! आणि तू इथे पेज भुरकतोयस?’’

खरं तर आर्विन कुठेच चालला नव्हता. चालला तर किती मोबदल्यात, यावर अजून नुसता खल चालू होता.

त्रेस बांगका ही माशांचं खारं पाणी, जेवणात चवीला घालतात ते, बाटलीत भरून विकणारी कंपनी. तिचा बास्केटबॉलचा संघ आहे, आणि साऱ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण करणारा गार्ड त्या संघात होता, तो हा आर्विन. नातो त्या संघाचा सामानवाला. पाण्याच्या बाटल्या, बर्फ, टॉवेल, धुतलेल्या जर्स्या सगळं त्याच्याकडे. केस काळे होते तेव्हापासून हेच करतोय. खेळाडू येतात, पैसा मिळवतात, जातात. नातो टॉवेलच्या घड्या घालत राहतो. पण आर्विनची गोष्ट वेगळी. नातोची धाकटी जन्मली तेव्हा आर्विन तिचा धर्मबाप झाला. बाप्तिस्म्याच्या दिवशी अख्खी गल्ली त्याच्यासोबत फोटो काढत होती आणि पोरगी कोपऱ्यात रडत होती. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कुंपारे. आमच्याकडे सख्खा भाऊ भांडला तर चालतो. कुंपारेशी वाकडं आलं तर लोक कारण विचारत घरी येतात.

आता नातोची बाजूही ऐका. आधीच्या वर्षी संघातून एक जण गेला, तेव्हा त्याचा आभाराचा फ्लेक्स तो गेल्यावर आला आणि रिकाम्या बाकाच्या मागे लटकत राहिला. नातोच्या ते मनाला लागलं होतं. त्यातच कोच बाल्दोने सामानाच्या खोलीत त्याला सांगितलं, ‘‘शुक्रवारपर्यंत आर्विन जाईल बहुतेक. कुणाला बोलू नकोस.’’

नातो खरंच कुणाला बोलला नाही. त्याने छापलं.

दुपारी संघाच्या व्यवस्थापक, अटर्नी व्हिलाफ्लोर, व्यायामशाळेत आल्या त्या चपलांचा आवाज करत. बाई वकील, वयाने नातोपेक्षा लहान, पण त्या आल्या की कोचसुद्धा शर्ट खोचतो. नातो कोपऱ्यात बर्फाच्या पिशव्या भरत होता. त्याला बाहेर जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सामानवाला म्हणजे भिंतच.

‘‘काल सिमेंटवाल्यांचा संघ आर्विनच्या बदल्यात त्यांचा इलागान द्यायला तयार होता,’’ अटर्नी म्हणाल्या. ‘‘सहा फूट नऊ इंच! वर पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतली पहिली निवड. आणि आज म्हणतात, तुम्ही आभार मानून मोकळे झालात, आता त्याला ठेवणार कुठल्या तोंडाने? बाकावरचे दोघं देतो, घ्यायचे तर घ्या.’’

‘‘मग नका देऊ. ठेवा त्याला,’’ कोच बाल्दो म्हणाला.

‘‘तुम्ही खेळवणार?’’

‘‘खेळवतोच की.’’

‘‘शेवटची पाच मिनिटं?’’

कोचने शिट्टी तोंडात घातली, वाजवली नाही, काढली. ‘‘बघा अटर्नी. तो तीस गुण करतो, मान्य. पण त्याच्या समोरचा बत्तीस करून जातो. शेवटी मला अडवणारा माणूस लागतो.’’

‘‘एक्केचाळीस केले होते त्या दिवशी त्याने. आणि तुम्ही डोक्यावर टॉवेल टाकून बसवलंत.’’

‘‘जिंकलो ना पण!’’

‘‘दोन गुणांनी. आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतो. त्याला का बसवलं, हे त्याला सांगितलंत?’’

‘‘मी कोच आहे. सगळ्यांना समजावत बसलो तर खेळवू कधी?’’

टॉवेल नातोनेच टाकला होता. आर्विनचे खांदे त्या टॉवेलखाली हलत होते, ते घामाने की कशाने, हे त्याने तेव्हा नीट बघितलं नव्हतं.

‘‘पण हा फ्लेक्स लावला कुणी?’’ कोच म्हणाला. ‘‘तुमच्या ऑफिसातून?’’

‘‘वेड लागलंय का मला? सिमेंटवाल्यांचंच काम हे. भाव पाडायला.’’

‘‘डोकं आहे हं त्यांना.’’

ही बोलायची वेळ होती. नातोचं तोंड उघडलंसुद्धा. हातातला बर्फ वितळून विजारीवर ओघळत होता, आणि उघडलेल्या तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: ‘‘कॉफी आणू का?’’

‘‘कॉफी नको. नातोदादा, तुम्ही त्याचे कुंपारे ना? चला माझ्यासोबत त्याच्या घरी. माझ्या एकटीला तो दार उघडायचा नाही.’’

गाडीत अटर्नी सिमेंटवाल्यांच्या नावाने वकिली शिव्या देत होत्या, आणि नातो खिडकीबाहेर बघत होता. ज्याने चोरी केली त्यालाच पंच म्हणून नेत होते. वाटेत दर चौकात कुणाचा ना कुणाचा फ्लेक्स होता आणि प्रत्येकावरचा चेहरा त्याच्याकडेच बघत होता.

दार आर्विनच्या आईने, नानाय लोरेताने उघडलं. नातोला बघून तिने पानात भात वाढला, मासा ठेवला. अटर्नींपुढे पाण्याचा पेला आदळला. मासा नाही, चमचा नाही.

आर्विन समोर बसला. ‘‘अटर्नी, गेल्या महिन्यात मी म्हणालो, मला जाऊ द्या. रागात म्हणालो. तुम्ही म्हणालात, विचार करते. तुमच्याकडे विचार करतात म्हणजे छापतात, हे मला ठाऊक नव्हतं.’’

‘‘मी छापलेलं नाही, आर्विन.’’

‘‘खाली सही तुमचीच आहे. कुटुंब!’’

‘‘कुटुंब म्हणे!’’ नानाय चुलीपासून म्हणाली. ‘‘धडधाकट पोराचा एवढा मोठा फोटो आणि खाली आभार! माझ्या बहिणीला वाटलं, गेला. बिकोलहून रडत फोन केला तिने. शवपेटी कुठून आणताय विचारत होती.’’

नातोच्या घशात मासा अडकला. नानायने त्याची पाठ थोपटली. ‘‘हळू रे बाबा. याला बघा, बिचाऱ्याला घास उतरत नाही. आणि काहींना काही वाटत नाही.’’

अटर्नींचा फोन वाजला. सिमेंटवाले. त्या बाहेर ओसरीवर गेल्या, आणि आर्विन नातोला मागच्या अंगणात घेऊन आला. तिथे नारळाच्या झाडाला ठोकलेली बास्केटबॉलची जुनी कडी होती. चेंडू हातात असूनही आर्विन तो टाकत नव्हता. नातोला हेच सगळ्यात वाईट वाटलं.

‘‘कुंपारे, तुला म्हणून सांगतो. शुक्रवारी मी स्वतः जाऊन सांगणार होतो, राहतो म्हणून. कोचने फक्त एकदा माझ्या तोंडावर सांगावं, मला का बसवतो ते. तेवढंच मागणार होतो. आता कसा राहू? निरोप देऊन झालेल्या घरात पुन्हा जाऊन जेवायला बसू?’’

नातोने नारळाकडे बघितलं. मग स्वतःच्या चपलांकडे. धरणी दुभंगून पोटात घेते असं म्हणतात. तिथली जमीन सिमेंटची होती.

‘‘मी छापला,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘फ्लेक्स. मीच छापला. बाल्दो म्हणाला तू जाणार. मला वाटलं, आधीच्यासारखं व्हायला नको, तू असताना लागावा. गुंडाळूनच ठेवणार होतो. रंग बघायला चढवला फक्त. मग भरती आली.’’

‘‘आणि तू कुठे होतास?’’

‘‘पेज पीत होतो.’’

आर्विन एकदम हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. ‘‘अटर्नींना ठाऊक आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हणजे आत माझी आई तिला नावं ठेवत होती आणि तू मासा खात होतास.’’

नातोने माशाचा हात विजारीला पुसला.

आर्विनने चेंडू दोनदा आपटला. मग चेंडू काखेत धरला आणि म्हणाला, ‘‘बरं. म्हणजे त्यांनी मला अजून काढलेलं नाही. मग आता तूच सांग. तू सगळं ऐकतोस तिथे, तुला कुणी हाकलत नाही. जाऊ की राहू?’’

असा प्रश्न नातोला जन्मात कुणी विचारला नव्हता. त्याला कायम विचारलं जायचं, टॉवेल कुठे आहेत.

राहा म्हणावं, तर बाल्दो बदलणार नव्हता. त्याने शिट्टी न वाजवता काढली तेव्हाच ते कळलं होतं. शेवटच्या पाच मिनिटांना पुन्हा बाक आणि पुन्हा टॉवेल. जा म्हणावं, तर कंपनीला इलागानऐवजी दोन बाकबहाद्दर मिळणार, तेही नातोच्या पेजेपायी. आर्विनसाठी जाणंच बरं होतं. नातोला ते स्वच्छ दिसत होतं.

‘‘जा,’’ तो म्हणाला. ‘‘बाल्दो नाही सुधारायचा. सिमेंटवाले तुला शेवटपर्यंत खेळवतील.’’

शब्द बाहेर पडला आणि नातोच्या छातीवरचा दगड एकदम हलका झाला. त्याच क्षणी त्याला स्वतःची खरी लाज वाटली. फ्लेक्सची वाटली होती त्याहून जास्त. कारण हलकं का वाटलं, हे त्याचं त्याला कळलं होतं: आर्विन गेला तर रोज सकाळी त्याच्या हातात बाटली देताना त्याच्या डोळ्यांत बघावं लागणार नव्हतं. सल्ला खरा होता. पण तो कुणाच्या सोयीचा होता, हे त्याला कुणाजवळ बोलता येण्यासारखं नव्हतं.

आर्विनने चेंडू नारळाच्या बुंध्याशी ठेवला. ‘‘ठीक,’’ तो म्हणाला आणि ओसरीकडे गेला. जाता जाता वळला. ‘‘आईला मात्र मी सांगणार नाही. ते तू सांगायचं. एवढं तुझ्याकडे माझं राहिलं.’’

‘‘रविवारी येऊन सांगतो,’’ नातो म्हणाला.

परतताना पहिल्याच सिग्नलला त्याने अटर्नींनाही सांगून टाकलं. सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी भोंगे वाजवले, तरी गाडी हलेना. नोकरी जाईल, म्हणून तो दाराच्या कडीवर हात ठेवून बसला होता. शेवटी अटर्नी एवढंच म्हणाल्या, ‘‘नातोदादा, इलागान सहा फूट नऊ होता हो.’’

नोकरी गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं, असं त्याने घरी बायकोला सांगितलं. मिला म्हणाली, ‘‘हो का? मग भात कुणाच्या लाजेचा शिजवू?’’

अदलाबदल झाली, लीगच्या कमिशनरची मोहोर बसली. बाकावरचे दोघं आले. चांगली मुलं आहेत, पाणी फार पितात. आर्विन सिमेंटवाल्यांकडे शेवटची पाच मिनिटं खेळतो, कधी जिंकवतो, कधी समोरच्याला गुण करू देऊन हरवतो. बाल्दो टीव्हीसमोर म्हणतो, ‘‘बघा, म्हटलं नव्हतं?’’ आणि नातो तिथून उठून जातो.

पहिल्यांदा दोन्ही संघ समोरासमोर आले तेव्हा नानाय लोरेता प्रेक्षकांत होती. सामना संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत खाली आली. अटर्नींकडे तिने पाठ केली आणि नातोच्या हातात झाकणाचा डबा दिला. नारळाच्या दुधातली अळूची भाजी, गरम. ‘‘त्या सगळ्या खोट्या माणसांत तू एकटा आमचा निघालास,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीला दे. तिच्या धर्मबापाकडून.’’

पलीकडे आर्विन बुटाची नाडी सोडत होता. त्याने वर बघितलं आणि सोडलेली नाडी पुन्हा बांधायला घेतली.

‘‘नानाय...’’ नातो म्हणाला.

‘‘हां?’’

‘‘तिखट आहे का? पोरीला चालत नाही.’’

‘‘तिच्यासाठी वेगळी काढलीय, खालच्या कप्प्यात आहे,’’ ती म्हणाली, आणि त्याच्या गालावर थापट मारून गेली.

भाजी घरच्यांनी चाटूनपुसून खाल्ली. आता डबा रिकामा परत द्यायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून मिलाने एकदा त्यात तांदळाच्या गोड वड्या भरून दिल्या आणि नातोला रविवारी नानायकडे जायला बाहेर काढलं. तो जीपनीच्या थांब्यापर्यंत गेला. तिथे उभा राहिला. दोन जीपनी सोडल्या, वड्या थांब्यावरच्या ड्रायव्हरांना वाटल्या आणि घरी आला.

‘‘भेटल्या?’’ मिलाने विचारलं.

‘‘गर्दी होती,’’ नातो म्हणाला.

डबा धुऊन फळीवर ठेवला आहे. अजून तिथेच आहे.