मामेसासरे आणि एफिकांचं मूळ गाव

समोरच्याचं मूळ गाव कळल्याशिवाय आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या जन्मात कुणाला पाण्याचा पेला दिलेला नाही. करमाडचा माणूस ‘करमाड’ म्हणाला, की ‘ते राहतं गाव झालं. मूळ?’ असं म्हणत ते त्याला पार अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत मागं रेटत नेतात. एकदा भर मांडवात त्यांनी नवरदेवाच्या चुलत्याला सात पिढ्या मागं नेऊन असं अडकवलं, की अक्षता हातातच राहिल्या. आम्ही हा छळ सोसतो, कारण त्यांचं स्वतःचं गाव नाथसागर धरणाच्या पाण्यात गेलं. गावदेव हलवायचं काम यांच्याकडं होतं. हे मुहूर्त शोधत बसले आणि पाणी चढलं. ‘देव बेघर केला म्या,’ हे दुखणं त्यांनी आजवर कुणाला विसरू दिलेलं नाही, स्वतःला तर नाहीच.

अशा माणसाच्या माडीवर विद्यापीठात शिकणारा एक नायजेरियन भाडेकरू आला. जमातीनं एफिक, गाव कॅलबार. मामांनी चहाआधीच उलटतपासणी मांडली. कॅलबारच्या आधी? क्रीक टाउन. त्याआधी? उरुआन. त्याआधी? इबोम. सगळी नदीकाठची. ‘आन् त्याच्या बी आधी?’ त्यावर आमच्या म्हाताऱ्यांतच वाद आहे, कुणी थेट पॅलेस्टाईन सांगतं, असं तो बिचारा बोलून गेला. झालं! दुसऱ्या दिवसापासून एफिकांचा निकाल आमच्या ओसरीवर लागू लागला. ‘नदीच्या कडंकडंनं आले म्हंजी कोळीच की! पॅलेस्टाईन-बिलेस्टाईन समदं झूट!’ आफ्रिका दाखवताना मात्र मामांचं बोट उलट पूर्वेला, जालन्याकडं असे, आणि ते सुधारण्याची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी बुडालेल्या गावदेवाला धरणाच्या काठी नैवेद्य सोडायला भाडेकरूही आमच्यासोबत आला. पुरणपोळी पाण्यात सोडून मामांनी विचारलं, ‘इतकी गावं सोडली तुमी, देवाचं काय केलं रे?’

तो म्हणाला, ‘मामा, हमारे देव तो पानी में ही रहते. गाँव उठता, वो नहीं उठते.’

‘म्हंजी… बुडत नायत?’

‘नहीं मामा. उनका घर है वो.’

दुसऱ्याचं मूळ उकरण्यात हयात घालवलेला तो खट माणूस मटकन खाली बसला आणि धोतराचा सोगा तोंडाला लावून रडला.

भाडेकरू शिकून परत गेला. मामा दर वर्षी काठावर जातात, नैवेद्य सोडतात आणि वाकून पाण्याला विचारतात, ‘घरीच हायेस नव्हं?’ मग उत्तराची वाट बघत उभे राहतात. चला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.